ब्लू म्हटलं की कोणता निळा? इंग्रजीतले ‘ब्लू’चे शब्द ओळखायला शिकताना

इंग्रजी ऑफिसात नव्याने रुजू झालेल्याला किंवा शिकायला परदेशी गेलेल्याला अवघड शब्द फारसे नडत नाहीत. ते तो शब्दकोशात बघतो. नडतात ते ओळखीचे शब्द. ‘ब्लू’ आपण बालवाडीत शिकलेला असतो. मग मॅनेजर सांगतो, अमक्याने ‘आउट ऑफ द ब्लू’ राजीनामा दिला. मित्र ‘ब्लू-चिप’ शेअर घ्यायला सांगतो. अमेरिकेतले प्राध्यापक परीक्षेला ‘ब्लू बुक’ घेऊन या म्हणतात, आणि हॉटेलात कुणीतरी स्टेक ‘ब्लू’ मागवतं. ‘निळा’ एवढा एकच अर्थ हाताशी घेऊन यातलं काहीच उलगडत नाही.

आपली आणखी एक अडचण आहे. मराठी माणसाला निळा म्हटलं की कृष्ण आठवतो, जयभीमचा झेंडा आठवतो, फार तर मोरपीस. उदासपणा किंवा चावटपणा यांचा निळ्या रंगाशी आपल्याकडे काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींचा आहे. त्यामुळे नुसत्या अंदाजाने अर्थ लावायला गेलं की माणूस भलतीकडेच पोचतो.

‘ब्लूचे पन्नास वाक्प्रचार’ अशा याद्या ढिगाने मिळतात. त्या पाठ करण्यात वेळ घालवू नका, आठवड्याभरात विसरायला होतं. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: मुळात निळं काय होतं? आकाश, कापड, कागद, फीत, की माणूस? हे कळलं की अर्थ लक्षात राहतो, आणि तो शब्द कुठे वापरायचा, कुठे नाही, हेही बरंचसं समजतं.

पायरी १: नाव आहे की वाक्प्रचार, ते आधी ठरवा

नाव असेल तर त्याचा अर्थ फोडत बसायचं नसतं. ‘ब्लूटूथ’चंच बघा. ‘निळा दात’ असं भाषांतर करून कुणाच्याच हाती काही लागत नाही. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव ब्लूटूथ. डेन्मार्कमधल्या टोळ्या त्याने एका सत्तेखाली आणल्या, नॉर्वेवरही अंमल बसवला. १९९७ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं बिनतारी जोडण्याचं तंत्र तयार होत होतं, तेव्हा इंटेलमधल्या जिम कारडॅक या इंजिनिअरने हे नाव सुचवलं. राजाने माणसं जोडली, हे तंत्र यंत्रं जोडतं, असा त्यामागचा विचार. नाव तात्पुरतं म्हणूनच घेतलं होतं, पण तेच चिकटलं. फोनवरची ती खूण म्हणजे राजाच्या नावाची आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकात एक गुंफलेली.

लिहिलेल्या मजकुरात नाव ओळखणं सोपं असतं, कारण इंग्रजीत नावाला मोठं अक्षर लागतं. ब्रिटनमध्ये गाडीच्या काचेमागे दिसणारा ‘ब्लू बॅज’ हा अपंग व्यक्तींच्या पार्किंगचा परवाना. तिथल्या राखीव जागेत ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावू नका. अमेरिकेत रस्त्याच्या कडेची पट्टी निळी रंगवलेली असेल तर अनेक ठिकाणी तिचाही अर्थ हाच असतो.

लंडनला गेलात तर ‘ब्लू प्लाक’ जरूर बघा. कुणी नामवंत माणूस ज्या घरात राहिला, त्या घराच्या भिंतीवर बसवलेली ती गोल निळी पाटी. ही पद्धत १८६० च्या दशकात सुरू झाली. मध्यंतरी काही पाट्या तपकिरीही लावल्या गेल्या, नाव मात्र निळ्याचंच राहिलं. आता हे काम इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते. मेडा व्हेल भागात हौली प्लेसमधल्या १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये इंग्लंडला होते, तेव्हा ते तिथे राहत. हायगेटला पूर्वीच्या इंडिया हाउसवर सावरकरांची पाटी आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थिदशेत बाबासाहेब आंबेडकर राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. लंडनमधल्या मराठी माणसाने एका रविवारी या तिन्ही ठिकाणी जाऊन यावं, असं मी तरी आग्रहाने सांगतो.

पायरी २: मुळात निळं काय होतं, ते शोधा

आधी आकाशाकडे बघू, कारण सगळ्यात जास्त कानावर पडणारे ‘ब्लू’ तिथूनच आलेत. ‘आउट ऑफ द ब्लू’मधला ब्लू म्हणजे निरभ्र आभाळ. ढगाचा मागमूस नाही आणि अचानक वीज पडली, हे मूळ चित्र. म्हणून अर्थ: ध्यानीमनी नसताना. ‘बोल्ट फ्रॉम द ब्लू’ हा त्याचाच थोरला भाऊ, पण त्यात वीज शाबूत आहे. त्यामुळे तो बहुतेक वाईट बातमीसाठी वापरतात. जुन्या मैत्रिणीचा अचानक फोन आला तर तो ‘आउट ऑफ द ब्लू’. कंपनी बंद होतेय असं सोमवारी सकाळी कळलं तर तो ‘बोल्ट फ्रॉम द ब्लू’.

मीटिंगमध्ये ‘ब्लू-स्काय थिंकिंग’ असं ऐकलंत तर समजा की बजेट, मनुष्यबळ, वेळ यांचा विचार तूर्त बाजूला ठेवून कल्पना मांडायच्या आहेत. अमेरिकेत ‘ब्लू-स्काय लॉ’ मात्र निराळी गोष्ट. शेअर आणि रोखे विकताना होणाऱ्या फसवणुकीला आळा घालणारे तिथल्या राज्यांचे हे कायदे. कॅन्सस राज्याने १९११ मध्ये असा कायदा केला. ज्या योजनांच्या पाठीशी मोकळ्या आभाळाशिवाय काहीच नाही, त्या विकणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे आभाळ तेच, पण एकीकडे मोकळीक आणि दुसरीकडे पोकळपणा.

आता चंद्र. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसहामाशी कधीतरी. चंद्र निळा आहे असं म्हणणं हा जुन्या इंग्रजीत धडधडीत खोटेपणाचा नमुना मानत. पुढे १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हवेतल्या बारीक राखेमुळे लोकांना खरोखरच निळसर-हिरवट चंद्र दिसला. आज पेपरवाले ज्याला ‘ब्लू मून’ म्हणतात, तो म्हणजे इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा. ही व्याख्या एका गैरसमजातून आली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकऱ्यांच्या पंचांगात, एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. १९४६ मध्ये एका खगोल मासिकातल्या लेखात त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि तो सोपा असल्यामुळे तोच रुळला.

हे गणित मराठी माणसाला नवं नाही. एकोणीस वर्षांत इंग्रजी महिने २२८ होतात, पौर्णिमा मात्र २३५ येतात. उरलेल्या सात पौर्णिमा कुठेतरी बसवायला हव्यात. आपल्या पंचांगातही एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात, त्याच कारणाने. म्हणजे ब्लू मून आणि धोंड्याचा महिना एकाच हिशेबातून निघतात. २०२६ च्या मे महिन्यात १ आणि ३१ तारखेला अशा दोन पौर्णिमा, आणि त्यातली ३१ तारखेची अधिक ज्येष्ठातली. जावयाला अनारशांचं वाण देताना सासूबाईंनी ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हटलं, तर भाषा आणि खगोल दोन्ही बरोबर. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की अडीच-पावणेतीन वर्षांनी हा पंचांगातला हिशेब झाला. बोलण्यात तसा हिशेब कुणी ठेवत नाही, तिथे ‘क्वचितच’ इतकाच अर्थ.

कापडाकडे वळू. ‘ब्लू-कॉलर’ म्हणजे अंगमेहनतीचं, कारखान्यातलं, दुरुस्तीचं काम. डेनिम किंवा तशाच जाड निळ्या कापडावर तेलाचे, मातीचे डाग दिसत नाहीत, म्हणून कामगारांचे शर्ट निळे. ऑफिसात बसणाऱ्याची कॉलर पांढरी, म्हणून तो ‘व्हाइट-कॉलर’. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका वर्तमानपत्रात १९२४ मध्ये ‘ब्लू-कॉलर’ छापलेला सापडतो. पण कामगारांच्या पोशाखाची ही गोष्ट आपल्या मुंबईलाही शिवून जाते. इंग्रजीतला ‘डंगरीज’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला हे नाव पडलं आणि ते सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. पुढे खलाशी आणि मजूर याच कापडाच्या, बहुतेक निळ्या रंगवलेल्या विजारी घालू लागले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आजही कामगार ‘डांगरी’ चढवतात. डोंगरीचं नाव साहेबाच्या देशात जाऊन परत आपल्याच फिटरच्या अंगावर आलं.

‘ब्लू-स्टॉकिंग’ हा जुन्या कादंबऱ्यांत भेटणारा शब्द विद्याव्यासंगी बाईला हिणवण्यासाठी वापरत. तो वाचा, समजून घ्या आणि सोडून द्या.

कागदाचा निळा ‘ब्लूप्रिंट’मध्ये आहे. जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही रीत काढली. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पारदर्शक कागदावरचा नकाशा ठेवायचा, उन्हात धरायचा, मग पाण्याने धुवायचा. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो. शाईच्या रेघांखालचा भाग झाकलेला राहिल्यामुळे पांढरा उरतो. निळ्यावर पांढऱ्या रेघा, आणि मूळ नकाशा एकदा काढला की हव्या तितक्या प्रती. पुढे अमोनिया प्रिंट आल्या, त्यांत रेघा निळ्या आणि कागद पांढरा. मग संगणकावरून मोठे नकाशे काढणारे प्लॉटर आले. रंग गेला तरी शब्द राहिला. महाराष्ट्राला तो राजकारणातूनही चांगला परिचयाचा आहे. मनसेने २०१४ च्या विधानसभा निवडणुकीआधी राज्याच्या विकासाची ‘ब्लू प्रिंट’ जाहीर केली होती, आणि ती येण्याआधी कितीतरी दिवस तिची चर्चा चालली होती. नवख्यांनी इथे एक जपावं. ब्लूप्रिंट म्हणजे ज्यावरून थेट काम सुरू करता येईल असा तपशीलवार आराखडा. ढोबळ कल्पनेला ब्लूप्रिंट म्हटलंत, तर समोरचा मापं मागेल.

‘ब्लू बुक’ सर्वांत गोंधळाचं, कारण एकाच नावाची चार पुस्तकं आहेत. ब्रिटिश पार्लमेंटच्या अहवालांना निळं वेष्टण असायचं, म्हणून ते अहवाल ‘ब्लू बुक’; वासाहतिक काळाचा इतिहास वाचताना हे सतत भेटतात. भारतात पंतप्रधान, राष्ट्रपती अशांच्या सुरक्षेचे नियम ज्यात असतात, त्या गृह मंत्रालयाच्या पुस्तिकेलाही ‘ब्लू बुक’ म्हणतात; बातम्यांत येतं ते हे. अमेरिकेत जुनी गाडी घेताना ‘ब्लू बुक व्हॅल्यू काय?’ असं विचारतात, तेव्हा वापरलेल्या गाड्यांच्या किमती सांगणारं केली ब्लू बुक अभिप्रेत असतं. ते १९२६ पासून निघतं. आणि अमेरिकन कॉलेजात ‘ब्लू बुक’ म्हणजे परीक्षेची उत्तरपत्रिका, निळ्या कव्हरची पातळ वही. ती अनेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच आधी कॉलेजच्या दुकानातून विकत घ्यायची असते. आपल्याकडे पेपर आणि पुरवण्या वर्गातच मिळतात, त्यामुळे हे कुणी आपणहून सांगत नाही आणि आपल्याला विचारायचं सुचत नाही. पहिल्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विचारून ठेवा.

फितीचं घराणं मानाचं. इंग्लंडमध्ये १३४८ च्या सुमारास स्थापन झालेल्या ऑर्डर ऑफ द गार्टर या सर्वोच्च सरदारी सन्मानाची फीत निळी. त्यावरून ‘ब्लू रिबन’ म्हणजे अव्वल दर्जाचं. ‘ब्लू-रिबन पॅनेल’ म्हणजे नामांकित तज्ज्ञांची समिती. फ्रान्समध्ये राजा तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये काढलेल्या सन्मानाचीही फीत निळी होती, फ्रेंचमध्ये ‘कॉर्दाँ ब्लू’. हे नाव पुढे उत्तम स्वयंपाकाला चिकटलं आणि पॅरिसच्या पाककला शाळेनेही तेच घेतलं. मेनूवर ‘चिकन कॉर्दाँ ब्लू’ दिसलं तर नुसत्या ‘चिकन’वर विसंबू नका. त्यात चीजसोबत बहुधा हॅम, म्हणजे डुकराचं मांस भरलेलं असतं. चालत नसेल तर ऑर्डर देतानाच विचारा.

‘ब्लू-चिप’ पोकरच्या टेबलावरून आला. जुगारात पैशांऐवजी रंगीत चकत्या लावतात. पांढरी सर्वांत स्वस्त, मग लाल, आणि निळी सर्वांत महाग, अशी अमेरिकेतली जुनी पद्धत. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या बातम्यांत महागड्या शेअरना हे नाव पडलं. आता भावाशी संबंध उरलेला नाही. मोठी, जुनी, पाय रोवून उभी असलेली कंपनी असा अर्थ घेतात. शब्द जुगाराचा आहे, हे मात्र मला आवडतं. निळी चकती हातात असली तरी डाव हरता येतो. म्युच्युअल फंडाच्या नावात ‘ब्लूचिप’ आहे म्हणून तेवढ्यावर पैसे गुंतवू नका. योजना कोणत्या गटातली आहे ते वाचा. सेबीच्या व्याख्येनुसार बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज-कॅप.

राहिला माणूस. ‘फील ब्लू’ म्हणजे मन उदास असणं. हे उदासपण हलकं असतं, आज आहे आणि उद्या ओसरेल असं. त्यामुळे कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असताना ‘यू मस्ट बी फीलिंग ब्लू’ म्हणणं फार वाईट दिसतं. ‘द ब्लूज’ या नावाचं संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलं, तिथे हीच उदासी गाण्याचा सूर झाली. ‘बेबी ब्लूज’ हा शब्द परदेशात बाळंतपण होणाऱ्यांनी आणि त्यांच्या मदतीला गेलेल्या आयांनी नीट समजून घ्यावा. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी अकारण रडू येणं, चिडचिड, हळवेपणा, हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं किंवा वाढत गेलं, तर ते बेबी ब्लूज नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं. ‘बाळंतिणीला होतंच असं’ म्हणून दडपायचं नाही.

हॉस्पिटलात लाउडस्पीकरवर ‘कोड ब्लू’ ऐकू आलं तर कुणाचं तरी हृदय किंवा श्वास थांबलाय. भेटायला गेलेल्यांनी कॉरिडॉर मोकळा करायचा, बघायला धावायचं नाही.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी आणि मराठी अगदी शेजारी बसतात. ‘ब्लॅक अँड ब्लू’ म्हणजे मारून काळंनिळं केलेलं. ‘टिल यू आर ब्लू इन द फेस’ म्हणजे घसा कोरडा पडेपर्यंत, आणि तेही बहुधा निष्फळ: कितीही सांगा, तो ऐकणार नाही. ‘ब्लू ब्लड’ हा स्पेनमधून आलेला. उन्हात न राबणाऱ्या उमरावांच्या गोऱ्या कातडीखाली शिरा निळ्या दिसत, म्हणून त्यांचं रक्तच निळं. आज हा शब्द निम्मा टोमण्यातच वापरतात.

पायरी ३: बोलणारा कुठला, ते बघा

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत किंवा शाळेच्या स्पर्धेत मुलाने निळी फीत आणली तर अमेरिकेत पेढे वाटा. तिथे निळी पहिल्या नंबरची आणि लाल दुसऱ्या. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या आणि शेतीच्या प्रदर्शनांत नेमकं उलट: लाल पहिली, निळी दुसरी.

राजकारणातही तसंच. ब्रिटनमध्ये निळा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, म्हणजे उजव्यांचा. अमेरिकेत ‘ब्लू स्टेट’ म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारं राज्य. आणि अमेरिकेतली ही रंगवाटणी फार जुनी नाही, २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या टीव्हीवरच्या नकाशांनी ती पक्की केली. दोन देशांतल्या सहकाऱ्यांशी एकाच कॉलवर बोलताना ‘ब्लू’ पक्ष म्हणून विषय काढलात तर अर्धे लोक भलताच पक्ष समजतील. राजकारण तसंही कॉलवर नकोच.

‘ब्लू-आइड बॉय’ भारतीय ऑफिसांत फार ऐकू येतो: साहेबांच्या मर्जीतला. अमेरिकनाला तो चटकन कळेलच असं नाही, तिकडे ‘फेअर-हेअर्ड बॉय’ म्हणतात. आरडाओरडा करणाऱ्याला ब्रिटिश ‘स्क्रीमिंग ब्लू मर्डर’ म्हणतील, अमेरिकन ‘ब्लडी मर्डर’. आपल्या ‘ब्लू टिक’ला अमेरिकन माणूस ‘ब्लू चेक’ म्हणतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये कुणी ‘ब्लू’ मिळाल्याचं सांगितलं, तर विद्यापीठाकडून खेळल्याचा तो मान असतो, ऑक्सफर्डचा गडद आणि केंब्रिजचा फिका. उदासी समजून सांत्वन करू नका, अभिनंदन करा.

आणि स्टेक ‘ब्लू’ म्हणजे बाहेरून जेमतेम शेकलेला, आत जवळजवळ कच्चा. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘मीडियम’पासून पुढचं काहीतरी सांगावं.

पायरी ४: तोंडात घालण्याआधी धार तपासा

‘ब्लू फिल्म’ मराठी वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच अर्थाचा ‘ब्लू जोक’, ‘ब्लू ह्यूमर’ही असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एखाद्या कलाकाराची भाषा ‘अ बिट ब्लू’ आहे असं कुणी म्हणालं, तर तो कार्यक्रम आईवडिलांना घेऊन बघण्यातला नाही.

‘ब्लू-आइड बॉय’ कौतुक म्हणून कधीच बोलू नका. त्यात असूया आहे, आणि ज्याच्याबद्दल बोललात त्याच्याइतकीच ती त्याच्या साहेबालाही लागते. ‘ब्लू-कॉलर’ ही शिवी नाही, आकडेवारीत आणि धोरणात सर्रास येते; पण ‘ही इज ब्लू-कॉलर’ असं एखाद्या माणसाबद्दल म्हणण्यात वरून खाली बघितल्याचा वास येतो. कामाला विशेषण लावा, माणसाला नको.

पायरी ५: वाक्यात कुठे बसतो ते शिका

अर्थ कळूनही बोलताना गडबड होते ती इथे. ‘आउट ऑफ द ब्लू’ बहुधा वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला, आणि मधला ‘द’ गाळायचा नाही. ‘वन्स इन अ ब्लू मून’ सवयीबद्दल असतो, म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘वी ईट आउट वन्स इन अ ब्लू मून’. गेल्या वर्षी एकदाच घडलेल्या प्रसंगाला तो लावू नका. त्यात ‘अ’ हवा आणि ‘मून’ एकवचनीच.

‘ब्लू-चिप’ आणि ‘ब्लू-कॉलर’ नामाच्या आधी येतात: ब्लू-चिप कंपनी, ब्लू-कॉलर जॉब्ज. लिहिताना मध्ये छोटी रेघ द्या. ‘ब्लूप्रिंट’ आणि ‘ब्लूटूथ’ एकसंध शब्द, ‘ब्लू मून’ दोन सुटे. आराखडा कशाचा ते सांगायला ‘ब्लूप्रिंट फॉर’ म्हणा. मराठीतल्या ‘विकासाची’मुळे जिभेवर ‘ऑफ’ येतो, तो आवरा. ‘आय फील ब्लू’ बरोबर, ‘आय फील द ब्लू’ नाही. ‘द’ लावायचा तर ‘आय हॅव गॉट द ब्लूज’.

एकसंध शब्दांत जोर पहिल्या भागावर द्यायचा. ‘ब्लू’वर जोर देऊन ‘प्रिंट’ हलकं म्हटलं की तो आराखडा होतो. दोन्ही शब्द सुटे आणि सारख्या जोराने म्हटले तर ऐकणाऱ्याला निळ्या रंगात छापलेला कागद वाटू शकतो.

पायरी ६: सुरुवात कुठून करायची

बोलायला सुरुवात करताना तीनच घ्या: ‘आउट ऑफ द ब्लू’, ‘वन्स इन अ ब्लू मून’ आणि ‘ब्लूप्रिंट फॉर’. हे तिन्ही कोणत्याही देशात, कोणत्याही ऑफिसात चालतात आणि कुणाला टोचत नाहीत. शेअर बाजाराशी संबंध असेल तर ‘ब्लू-चिप’ची भर घाला. बाकीचे समजले तरी पुरे. त्यातला एखादा दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून त्याच अर्थाने ऐकलात की मग आपण वापरायला हरकत नाही. ‘बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी’ मात्र लिहिण्यापुरताच ठेवा. बोलताना इतकं लांबण लावेपर्यंत समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो, आणि घरी सांगायचं असेल तर ‘इकडे आड तिकडे विहीर’ आहेच.